खांबाईची अर्धी टेकडी

सकाळी आंघोळ झाली की देवासमोर उभं राहून घटकाभर हात जोडायचे, ही माझी लग्नाआधीपासूनची सवय. मागणं असं विशेष काही नसायचं. सगळ्यांना सुखी ठेव, पोरीला पुण्यात सांभाळ, माझ्या गुडघ्याकडे जरा बघ, एवढं म्हटलं की झालं. गेल्या दिवाळीच्या आधी मात्र असे काही दिवस आले की हात जोडले तरी पुढे शब्दच येईनात. मी नुसता देवांकडे बघत उभा राहायचो आणि देव माझ्याकडे. शेवटी आपणच ओशाळून बाजूला व्हायचो. इतकी वर्षं ज्याच्याशी रोज बोललो, त्याच्याशी नेमकं गरजेच्या वेळी काय बोलावं हे कळू नये, याचा मला रागही यायचा आणि भीतीही वाटायची.

कारण असं की सुमनच्या, माझ्या बायकोच्या, डाव्या स्तनात गाठ निघाली होती. हे वाक्य लिहितानाही मला जड जातं. आमच्या पिढीत नवरा-बायकोसुद्धा हा शब्द उच्चारत नसत, आणि इथे तर नागपूरच्या डॉक्टरीणबाई माझ्यासमोर कागदावर चित्र काढून समजावत होत्या. ती बाजू पूर्ण काढावी लागेल, पण वेळेवर काढली तर पुढे काळजीचं फारसं कारण नाही, असं त्यांनी सांगितलं. सोमवारी भरती व्हायचं ठरलं. दवाखान्यात सुमनने शहाण्या मुलीसारखी मान हलवली. यवतमाळला घरी आली, चपला काढल्या, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मी नाही येत सोमवारी."

मी समजावलं, ओरडलो, मुलीने फोनवर रडून बघितलं. सुमन ढिम्म हलेना. रात्री जेवताना ती स्वतःहून म्हणाली, "खांबाईची ओटी भराची राह्यली माही. लग्न झाल्यावर एकडाव भरली, मंग कधी गेलीच नाही. तिले इचारल्याबिगर मी अंगाले सुरी लावू देत नाही." ओटी भरणं मला समजत होतं. पण विचारणं? दगडाला विचारायचं, आणि तो उत्तर कसं देणार? आणि नाही म्हणाला तर? मी हे सगळं तोंडाने बोललो नाही. मला एवढंच कळत होतं की ती घाबरली आहे, आणि त्या भीतीला तिने खांबाईचं नाव दिलं आहे. शनिवारी सकाळी मी गाडीत हवा भरून आणली.

खांबाई हे सुमनच्या माहेरचं दैवत. मारेगावच्या पलीकडे तिचं गाव. आता तिथे तिचं कोणी उरलं नाही, भाऊ केव्हाच बाहेर पडले. गावाजवळच्या टेकडीच्या माथ्यावर काळ्या दगडाचा एक उभा खांब होता, कोणी न घडवलेला, तरी सहा बाजूंचा. त्याला शेंदूर लावलेला असे. नवी नवरी झाली की पोरी तिथे ओटी भरून येत. लग्नानंतर सुमन मला तो खांब दाखवायला घेऊन गेली होती. मी पडलो भूगोलाचा मास्तर. देवीला नमस्कार करायच्या आधी मी तिला लाव्हा सांगत बसलो. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमीन फाटून तप्त रस बाहेर आला, थरावर थर साचला, निवताना आकसला, आकसताना त्याला तडे गेले आणि हे असे खांब तयार झाले, म्हणजे आपण आत्ता ज्वालामुखीच्या अंगावर उभे आहोत वगैरे. नवी नवरी ओटीचं ताट हातात धरून ऐकत उभी होती. तेव्हापासून तिला राग आला की ती मला 'गुरुजी' म्हणते.

जोडमोहा, मोहदा, करंजी असं करत आम्ही निघालो. शेतं पांढरी व्हायला लागली होती. एरवी गाडीत बसली की सुमन मला चालवायला शिकवते. त्या दिवशी ती गप्प होती. मांडीवर पिशवी, पिशवीत खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. मी आपला बोलत होतो. फोनमधला नकाशा एक रस्ता सांगत होता, माझ्या डोक्यातला दुसरा, आणि मारेगाव सोडल्यावर वणीकडून येणाऱ्या कोळशाच्या ट्रकांच्या धुळीत मी नेमका फाटा चुकलो. जन्मभर पोरांना नकाशावर बोट ठेवून गावं दाखवणारा माणूस, बायकोचं माहेर सापडेना म्हणून गाडी वळवून वळवून घामाघूम झाला. पुढे एका फाट्यावर चहाची टपरी दिसली, तिथे थांबून विचारलं.

"खांबाई?" टपरीवाला म्हणाला. "टेकडी समोरच हाय, ते पाहा. पन देवी कुठी हाय आता! खदान लागली होती न तिथी गिट्टीची. देवी त पान्यात गेली."

बाकावर बसलेला एक म्हातारा लगेच म्हणाला, "पान्यात नाही गेली बाप्पा. गावात आनली तिले. मोठं देऊळ बांधलं, टाइल्स लावल्या."

त्यावर टपरीवाला म्हणाला की ती नवी मूर्ती आहे, खरी नव्हे. म्हातारा म्हणाला, देवीत खरी-खोटी काय असते? दोघांचं जुंपलं. आम्ही चहा अर्धा टाकून निघालो. आधी गावातल्या देवळात गेलो. देऊळ स्वच्छ होतं, गुळगुळीत फरशी, आत पांढऱ्या दगडाची हसरी मूर्ती, चांदीचे डोळे. सुमन बराच वेळ उभी राहिली. मी मनात म्हटलं, इथेच भर ग बाई ओटी, आणि चल. ती बाहेर आली, पायरीवर बसून चपला घातल्या. "हे चांगली हाय," म्हणाली, "पन हे मले ओळखत नाही."

मग टेकडी. गाडी धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, कडेला लावून आम्ही जुन्या ट्रकच्या वाटेने चढलो. मी त्या टेकडीच्या ज्या आठवणी घेऊन गेलो होतो, त्यातलं काही तिथे नव्हतं. वणीकडची अर्धी बाजू कापून नेलेली. जिथे माथा होता तिथे हवा होती, आणि खाली मोठा खड्डा, त्यात हिरवं पाणी. पण खदान बंद होऊन बरीच वर्षं झाली असावीत. ट्रकच्या वाटेवर तरोटा माजला होता, गिट्टीच्या ढिगाऱ्यांवर कुसळी गवत उभं होतं, कड्याच्या फटीफटीतून पळसाची रोपं निघाली होती. पाण्यावर दोन बगळे होते. मला, खरं सांगतो, जागा सुंदर वाटली, आणि तसं वाटल्याबद्दल अपराधीही वाटलं. मशीनने कापलेल्या त्या उभ्या कड्यात आतले खांब उघडे पडले होते. एक-दोन नव्हे, एकमेकांना चिकटून रांगेने उभे, काळे, सहा बाजूंचे. पूर्वी माथ्यावर दिसायचा तो त्यातल्या एकाचा फक्त शेंडा असणार. पाठ्यपुस्तकात असं चित्र मला कधी मिळालं नव्हतं, आणि नेमकं त्या दिवशी मला त्यातलं एक अक्षर बोलावंसं वाटलं नाही.

घोटाळा वेगळाच होता. त्या खांबांपैकी कितीतरी खांबांना शेंदूर लावलेला होता. एकाला लाल कापड, एकासमोर जुना नारळ, एकाखाली विझलेल्या उदबत्त्या. जो आला त्याने आपल्या मनाने खांबाई ठरवली आणि शेंदूर लावून गेला. सुमन एकेका खांबापाशी जायची, हात लावायची, मान हलवायची, पुढे जायची. पिशवी छातीशी धरलेली. ऊन चढत होतं. मला आता सोमवार दिसत होता, भरती, डॉक्टरीणबाई, आणि वेळ निघून चाललेली. शेवटी मी तो उद्योग केला जो फक्त मास्तरच करू शकतो. मी कडेच्या एका जाड खांबाकडे बोट दाखवून ठाम आवाजात म्हणालो, "ही बघ. हीच. मला आठवतंय, हिच्या या बाजूला अशीच चीर होती."

सुमनने चीर बघितली, मग मला बघितलं. "गुरुजी," ती म्हणाली, "खोटं बोलाले लागले की तुमचा आवाज मोठा होते."

आणि ती तिथेच गिट्टीच्या ढिगावर बसली. रडली नाही. फार थकलेल्या आवाजात म्हणाली, "तिचाच पत्ता नाही राह्यला. तिले लोकाईनं कापून नेलं. मी कोनाले इचारू? चला घरी. मले नाही कापून घ्याचं." मी तिच्या शेजारी बसलो. मनात देवाला म्हटलं, मला काही कळत नाही. खांब कोणता ते कळत नाही, हिला काय सांगावं ते कळत नाही, तू आहेस की नाहीस तेही आज कळत नाही. तुला जे करायचं ते कर. ही प्रार्थना होती की वैताग होता, ते मी आजही सांगू शकत नाही.

आम्ही दुसऱ्या अंगाने, वावराच्या बाजूला उतरलो. गाडीकडे जायला धुऱ्यावरून चालावं लागत होतं. एका बाजूला खदानीचा ढिगारा, दुसऱ्या बाजूला कपाशीचं वावर, बोंडं फुटून पांढरंशुभ्र झालेलं. सुमन पुढे, मी मागे. तेवढ्यात वावरातून हाक आली, "वो माय! किती उशीर केला वो! या लवकर, दही आंबून राह्यलं."

चार-पाच बाया कपाशीच्या पहिल्या तासाशी, म्हणजे ओळीशी, उभ्या होत्या, कमरेला वेचणीच्या ओट्या बांधून, पण वेचत नव्हत्या. हाक मारणारी पन्नाशीच्या आतबाहेरची, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेली. मी म्हणालो, "बाई, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय, आम्ही..." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत सुमन धुरा उतरून वावरात शिरली होती. मी थक्क झालो. परक्याच्या घरी चहाला सुद्धा तीनदा आग्रह लागतो हिला.

त्यांची सीतादही होती. आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी सुरू करायच्या आधी बाया एका झाडाखाली सात दगड मांडतात, त्यांना हळदकुंकू लावतात, पहिल्या बोंडाचा कापूस वाहतात, दहीभाताचा निवेद दाखवतात आणि मग बोंडाला हात लावतात. घरची वडीलधारी सवाष्ण मांडते ते. ती बाई सुमनला सांगत होती, "सासू मांडे आमच्या इथी. उन्हाळ्यात गेली ते, मोठी भाग्याची, कुकवासंगं गेली. आता आमच्यातल्या एकीच्याबी हातानं होऊन नाही राह्यलं, तिचीच याद येते. तुमी मांडा."

सुमनने पिशवी माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि दगड शोधायला वाकली. माहेरी असताना तिच्या आईच्या हाताखाली तिने किती वेळा हे केलं असेल. तिला विचारावं लागत नव्हतं, हात आपोआप चालत होते. धुऱ्यावर काळ्या दगडांचा खच होता, एक उचलला, एक टाकला, एक पुसला. सगळे खदानीतले, फुटक्या कडांचे. एक तुकडा हातात धरून ती थांबली. त्याच्या दोन बाजू सपाट होत्या, खांबाच्या. तिने विचारलं, "हा खांबाईचा हाय का वो? का दुसरा?"

ती बाई हसली. "सारेच तिचेच, माय. सुरुंग लागे तवा टेकडी उडून उडून आमच्या वावरात येऊन पडे. वेचून वेचून धुऱ्यावर टाकले आमी. सीतादहीले कोनता दगड लागते? जो हातात आला त्याले कुकू लावलं, ते देवी."

हे काही सुमनला नवीन नव्हतं. तिच्या आईनेही हेच सांगितलं असेल. कुठलाही दगड उचलून देवी मांडणाऱ्या घरातली मुलगी सकाळपासून एकच दगड शोधत फिरत होती, आणि मी भूगोल सोडून तिच्यामागे. तिने सात दगड मांडले. मग माझ्याकडे हात केला. मी पिशवी दिली. तिने तो खण, नारळ, तांदूळ, सगळं त्या सात दगडांपुढे भरलं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण सीतादहीला अशी ओटी कोणी भरत नाही. सुमन डोकं टेकून बराच वेळ तशीच राहिली.

उठल्यावर ती त्या बाईला म्हणाली, "टेकडी अर्धी नेली की वो लोकाईनं."

"नेली न. लय वाईट वाटे आमाले. सकाळी उठलं की थोडी कमी दिसे." ती दहीभाताचा घास चारी दिशांना टाकत होती, बोलणं तिच्या दृष्टीने सहजचं होतं. "पन टेकडीच हाय न ते. अर्धी नेली म्हनून काई दुसरं नाव पडलं का तिले? तुमी फाट्यावर इचारलं असन, त त्यानं खांबाईची टेकडीच म्हनून दाखवली न? आता पाहा, पळस आला, मोर येते. तिचं तिले भरून येऊन राह्यलं."

सुमन टेकडीकडे बघत राहिली. मी तिच्याकडे बघत होतो. तिचा उजवा हात हळूच वर आला आणि पदरावरून डाव्या बाजूवर थांबला. मला तिथे उभं राहवेना. मी चार पावलं दूर जाऊन उगाच एक बोंड न्याहाळत बसलो आणि नाक पुसलं.

दहीभात खाऊन, पहिल्या तासातली दोन-चार बोंडं वेचून सुमन निघाली. माझ्यातला मास्तर काही गप्प बसेना. मी त्या बाईला म्हणालो, "ताई, तुम्ही जिची वाट बघत होतात ती आम्ही नव्हे हो. ती मावशी की आत्या जी कोण, ती अजून यायचीच असेल."

"कोनीच नाही याचं," ती म्हणाली. "मी कोनाले निरोप धाडलाच नाही. सासूनं सांगून ठेवलं होतं. मांडनारी नसली त धुऱ्यावरून जे पह्यली बाई जाईन तिले हाक मारजा, अन् किती उशीर केला असं म्हनजा. मंग तिले परकं वाटत नाही." कमरेची ओटी सारखी करत ती म्हणाली, "सकाळपासून उभ्या हो आमी. या धुऱ्यानं आता कोन येते? खदान बंद झाली तवापासून वाट मोडली. मी त आशा सोडली होती."

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. फाटा चुकलो नसतो, तर ऊन चढायच्या आत येऊन गेलो असतो. देवळातली देवी सुमनला पटली असती, तर टेकडीवर आलोच नसतो. माझी थाप खपली असती, तर तिने कड्यापाशीच ओटी भरून टाकली असती. माझ्या एकूण एक चुका कामी आल्या असं म्हणावं, तर मग माझं डोकं विचारतं, हा योगायोग का नाही? असेल योगायोग. मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही, आणि मी ते शोधायचंही हळूहळू सोडून दिलं आहे. मला एवढंच ठाऊक आहे की मी हात टेकले आणि पाचव्या मिनिटाला कोणीतरी आम्हाला हाक मारली.

परतताना करंजी येईपर्यंत सुमन बोलली नाही. मग म्हणाली, "गिअर बदला, गाडी कन्हून राह्यली." माझा जीव भांड्यात पडला. थोड्या वेळाने बाहेर बघतच म्हणाली, "सोमवारी किती वाजता निघाचं?"

शस्त्रक्रिया झाली. ती चांगली झाली, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला त्यांचेही पाय धरावेसे वाटले होते, पण त्या घाईत होत्या. पट्टी पहिल्यांदा बदलली तेव्हा सुमनने मला खोलीत थांबायला सांगितलं. मी थांबलो. नर्स गेल्यावर ती छताकडे बघत पडून होती, डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे चाललं होतं. मग तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "गुरुजी, टेकडीच हाय न?"

"टेकडीच हाय," मी म्हणालो. माझा आवाज मोठा झाला नव्हता, हे तिने नीट तपासून घेतलं असणार. तिने डोळे मिटले आणि झोपली.

आता ती बरी आहे. औषधं चालू आहेत, हात वर करताना अजून ओढतं, आणि मी गाडी चालवतो तेव्हा ती पुन्हा मला शिकवते. यंदा पहिल्या वेचणीला त्या वावरात जायचं असं तिने ठरवून टाकलं आहे. त्या बाईचं नाव आम्ही विचारलं नव्हतं, आणि फाट्याचं म्हणाल तर तो मी पुन्हा चुकेन याबद्दल तिला खात्री आहे. खांबाईचे उपकार कसे फेडायचे हे मला माहीत नाही. ती नेमकी कुठे राहते, कड्यात, पाण्यात, देवळात की कोणाच्या धुऱ्यावर, हेसुद्धा मला माहीत नाही. पूर्वी मला वाटायचं, पत्ता बरोबर असला पाहिजे, शब्द बरोबर असले पाहिजेत, तरच वर पोचतं. आता वाटतं, आपण भांबावून उभे असलो तरी तिचं काही अडत नाही. ती हाक मारते. आपण सुमनसारखं मुकाट्याने धुरा उतरायचं.

सकाळी हात जोडून उभा राहतो तेव्हा शब्द अजूनही येत नाहीत. मी तसाच उभा राहतो. बराच वेळ झाला की आतून हाक येते, "किती उशीर, गुरुजी! चहा थंडा होऊन राह्यला." देवाला नमस्कार करून मी चहा प्यायला जातो.